नवरदेवाचं टक्कल

"मॅडम, ऐकलाव का? समोरच्या गल्लीतलं लगीन पुढं ढकललं म्हणं."

एवढंच बोलून सिस्टरबाई धर्माबादच्या मिरच्यांची देठं खुडत बसल्या. त्यांची ही रीतच आहे. एक वाक्य कुंपणावरून इकडं टाकायचं आणि समोरच्यानं "कामून?" म्हणेपर्यंत पुढचं अक्षर काढायचं नाही. एएनएम म्हणून त्यांनी सगळा बिलोली तालुका पायाखाली घातला. कुंडलवाडीपासून सगरोळीपर्यंत कुणाच्या घरी पाळणा कधी हलला हे त्यांना तोंडपाठ. निवृत्तीनंतर हाताशी एक गल्ली उरली, पण सवय तालुक्याचीच राहिली.

मी म्हणाले, "कामून?"

"कामून म्हंजे? पोरानं फोटो दाखवला कालेजातला. डोक्यावर हे जंगल! साखरपुड्याला फेटा होता, कुणाला काय कळतंय. मंग बोधनची मावशी आली पोरीकडली. ती म्हणली, जावईबापू, जरा फेटा काढून बसा की, लई उकडलालंय."

"आणि?"

"आणि काय, उजाड माळ! मावशी काही बोलली नाई. नुस्तं पोरीच्या आईकडं पाह्यलं. आईनं बापाकडं पाह्यलं. आमचं पोट्टं दुसऱ्या दिवशी हैद्राबादला. दिवसभर पालथं पडून मागचे केस काढून पुढं लावून घेतले. ते लावलेले केस म्हणं दोन-चार आठवड्यांत एकदा गळतात अन् मंग तीन-चार महिन्यांनी परत फुटतात. म्हणून वैशाखातलं लगीन आता तुळशीच्या लग्नानंतर."

हे मात्र खरं आहे. लावलेले केस आधी गळतात, मुळं आत राहतात, नवी लव मग हळूहळू येते. पूर्ण भरायला वर्ष जातं. नवरदेव मांडवात उभा राहील तेव्हा डोक्यावर निम्मंशिम्मं पीक असेल. बाकीचं फेट्यानं निभावून न्यायचं.

सिस्टरबाईंची शंका वेगळीच होती. "मला सांगा, मागचे केस पुढं लावले, पर पुढची जागाच वाईट हाय की. तिथले गेले तसे हे बी जातील. पैसे पाण्यात."

मी विज्ञान शिकवण्यात नोकरी काढली, त्यामुळे अशी शंका आली की माझ्या हातातलं काम आपोआप बाजूला पडतं. अंबाडीची जुडी तशीच ठेवून मी कुंपणाला टेकले. "जागा वाईट नसते सिस्टरबाई. वाईट म्हणायचंच तर केसाच्या मुळाला म्हणा. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइख नावाच्या त्वचेच्या डॉक्टरांनी १९५९ साली हेच छापलं. मागच्या केसांचे छोटे तुकडे टकलाच्या जागी लावले तर ते तिथंही वाढत राहिले. टकलाचा तुकडा उचलून मागं केसांत लावला तर तो केसांत बसूनही टकलाच राहिला."

"म्हंजे मागच्या केसाला टकलाची बाधा होतच नाई?"

"जवळपास नाहीच. म्हणून तर बघा, कितीही टक्कल पडलं तरी कानाच्या वर आणि मानेजवळ झालर शिल्लक राहते."

सिस्टरबाईंनी समोरच्या गल्लीतल्या तमाम पुरुषांची डोकी मनातल्या मनात मोजून घेतली असावीत, कारण त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पर पोराच्या मिशा पाह्यल्याव का? हे एवढाल्या! अन् दाढी सकाळी केली की सांजच्याला परत हिरवी. हार्मोन कमी असतील तर मिशा कुठून आल्या?"

हार्मोन कमी नसतातच. उलट टक्कल पडायला हार्मोन लागतं. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ सालीच दाखवून ठेवलंय की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. म्हणजे मिशी वाढवणारंही तेच आणि टाळू उजाड करणारंही तेच. एका माणसाच्या एकाच रक्तातलं, एकाच दिवशीचं. नाकाखाली ते खत घालतं आणि चार बोटं वर गेलं की मुळावर उठतं.

"हे कसं काय? औषध एक अन् गुण दोन?"

इथं मला आमच्या लहानपणची दवंडी आठवली, आणि सिस्टरबाईंनाही तीच लगेच पटली. कोतवाल हलगी वाजवत गावभर फिरायचा: उद्या तलाठी चावडीवर बसणार, सारा भरा हो! दवंडी सगळ्या गावाला एकच. ज्या घरात कर्ता माणूस हजर तिथं पैशाची पिशवी निघायची. ज्या घरात तंगी, तिथला मालक मागच्या दारानं रानात पसार. आणि जिथं बहिरी म्हातारी एकटीच, तिथं दवंडी आली काय नि गेली काय. कोतवालाला विचाराल तर तो सांगणार, मी सगळीकडं सारखंच ओरडलो.

टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल ही सगळी स्टेरॉइड कुळातली संप्रेरकं. कोलेस्टेरॉलपासून बनलेली, चरबीत विरघळणारी, म्हणून पेशीच्या आवरणातून त्यांना आत जायला फारशी अडचण पडत नाही. आत त्यांना धरणारं प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात, डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. हार्मोन धरलं की त्याचा आकार बदलतो आणि ते डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथं संपते. खरी भानगड इथं सुरू होते. कारण डीएनए असा उघडा पडलेला नसतो. तो गुंडाळून, दाबून ठेवलेला असतो. तो सैल करायचा, वाचणारी यंत्रणा बोलवायची, हे ग्राहीला एकट्याला जमत नाही. त्यासाठी पेशीत दुसरी मदतनीस प्रथिनं लागतात. आणि काही प्रथिनं अशीही असतात की ती येऊन बसली की गुंडाळी आणखी घट्ट होते. कोणत्या पेशीत कोणती किती, हे जागोजाग वेगळं.

"मंग टाळूत मदतनीस नसतील," सिस्टरबाईंनी निकाल दिला.

"उलटं आहे. तिथं जास्त असतात!" मला हे सांगताना फार मजा वाटते, कारण ऐकणारा हमखास चुकीकडं जातो. जपानमधल्या संशोधकांनी केसाच्या मुळाशी बसणाऱ्या पेशी वेगवेगळ्या जागांहून घेतल्या: दाढीच्या, टकलाच्या पुढच्या भागातल्या आणि डोक्यामागच्या. २००७ साली त्यांनी छापलं की पुरुषी हार्मोनच्या ग्राहीला जोर देणारं एक मदतनीस प्रथिन, हिक-५, ज्याचं दुसरं नाव एआरए-५५, दाढीत आणि टकलात भरपूर आहे आणि डोक्यामागच्या पेशींत अगदी थोडं. म्हणजे डोक्यामागचे केस हार्मोनला दाद देत नाहीत, म्हणून वाचतात. दाढीच्या पेशी दाद देतात आणि वाढीचं रसायन सोडतात, आयजीएफ-१ नावाचं. टकलाच्या पेशीही तितकीच दाद देतात, पण त्या सोडतात टीजीएफ-बीटा-१, आणि त्यानं केसाची वाढ थांबते.

"आसं म्हणा की मागच्याला ऐकूच येत नाई, म्हणून तो सुखी."

"अगदी तसंच."

"आमच्या घरात बी तसाच एक हाय," असं म्हणून त्यांनी आत पलंगाकडं बोट केलं. त्यावर मी काही बोलले नाही. शेजारधर्म.

आता लग्नघरातली दुसरी गोष्ट. सिस्टरबाईंच्या मते ती लग्नापेक्षा मोठी, आणि मला वाटतं त्या बरोबर आहेत. नवरदेवाच्या वहिनीला पदरात लहान लेकरू. आशाताईनं तिला छायाच्या गोळ्या आणून दिल्या. सासूनं पाकीट पाहिलं, सुनेला विचारलं हे काय, सुनेनं सांगितलं पाळणा लांबवायची गोळी. सासू म्हणाली, हार्मोनच्या गोळ्या खाऊन तोंडावर मिशा उगवतील, दूध आटंल, हाडं पोकळ होतील; आणि पाकीट थेट चुलीत.

"मी गेले मंग," सिस्टरबाई म्हणाल्या. कोणी बोलावलं होतं का, हे विचारायची सोय नाही. "मी म्हणलं, मामी, सरकारची गोळी हाय, जाळून कामून टाकलाव? अन् ही माला-एन नव्हं. ह्याच्यात हार्मोन नाईच!"

ही गोष्ट खरी आहे, आणि फार थोड्यांना माहीत आहे. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, तेही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं. छाया मात्र स्टेरॉइड नव्हे. तिच्यातल्या औषधाला ऑर्मेलॉक्सिफीन म्हणतात, जुनं नाव सेंटक्रोमन. हे परदेशातून आलेलं नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, डॉ. नित्या आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. १९९१ च्या सुमाराला ते 'सहेली' नावानं दुकानात आलं, आणि २०१७ साली 'अंतरा' इंजेक्शनच्या जोडीनं 'छाया' नावानं सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागलं. एवढं मोठं काम आपल्याकडं झालं आणि आपल्या बायकांना त्याचा पत्ता आशाताईच्या पिशवीतून लागला, तोही चुलीत जाता जाता.

गोळी ३० मिलिग्रॅमची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. तो रविवार असेल तर रविवार-बुधवार, तीन महिन्यांनी नुसता रविवार. सिस्टरबाई सुनांना वार लक्षात ठेवायला त्या दिवशीचा उपास किंवा बाजार जोडून देतात. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ती चालते. पाळी लांबते, कमी जाते. घाबरायचं कारण नाही, पण पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली तर लघवी तपासून घ्यायची. ज्यांना अंडाशयाच्या गाठींचा त्रास आहे, पूर्वी कावीळ झालीय, त्यांनी आधी दवाखान्यात सांगायचं.

"पर मॅडम, हार्मोन नाई तर मूल कसं थांबवती ती? हे मला नोकरीत कोण्या डॉक्टरनं सांगितलं नाई. ट्रेनिंगला नुस्तं म्हणले, लिहून घ्या."

ती इस्ट्रोजेनच्याच ग्राहीला जाऊन धरते. हार्मोनच्या जागेवर ती बसली की ग्राहीचा आकार थोडा वेगळा वळतो. मदतनीस प्रथिनं जिथं येऊन टेकतात ती खाच बुजते किंवा अर्धवट राहते. मग पुढं काय होणार ते त्या त्या पेशीतल्या माणसांवर. गर्भाशयात इस्ट्रोजेनचं काम अडतं, आतलं अस्तर गर्भ रुजायला वेळेवर तयार होत नाही. बीज मात्र बहुतेक वेळा नेहमीसारखं सुटत राहतं. आणि हाडांत तीच गोळी उलट थोडंसं इस्ट्रोजेनसारखंच वागते. म्हणजे सासूबाईंनी हाडं पोकळ व्हायचा जो शाप दिला होता तो नेमका या गोळीला लागू पडत नाही. लागू पडलाच तर अंतराला, कारण त्या इंजेक्शननं अंगातलं इस्ट्रोजेन खाली येतं आणि हाडांची घनता थोडी उतरते. इंजेक्शन थांबवलं की बहुतेक भरून येते.

"आणि मिशा?"

"मिशांचा आणि हिचा काही संबंध नाही."

"हे आधी सांगायचं की! मी तिथं नुस्तं भांडून आले."

भांडणाचा उपयोग झाला म्हणायचा. सून आता गोळ्या सिस्टरबाईंच्या घरी ठेवते आणि दर रविवारी अन् बुधवारी "कोथिंबीर हाय का" म्हणून येते. तीन महिने होतील तेव्हा नुसती रविवारी येईल. सासूला वाटतं सुनेला कोथिंबिरीचं फार वेड.

आता त्याच घरातली आत्या. या घराला एकदा हात घातला की माणूस संपत नाही. नवरदेवाची आत्या मुंबईला टाटामध्ये स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून आली आणि तिला टॅमॉक्सिफेनची गोळी दिलेली आहे, रोज, वर्षानुवर्षं घ्यायची. पाळी जाऊन कितीतरी काळ लोटलेला, आणि अचानक अंगावरून लाल जायला लागलं. बाईनं कुणाला सांगितलं नाही. लग्नघरात कशाला विषय. सिस्टरबाईंना ते कळलं ते वाळत घातलेल्या कापडांवरून. अशा बाबतीत त्यांची नजर मला कधी कधी भीतीदायक वाटते, पण या वेळी तिनं काम केलं. दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन त्या स्वतः नांदेडला गेल्या. सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासायला गेला, त्यात काही वाईट निघालं नाही. अस्तर जाड झालं होतं एवढंच.

"मला डॉक्टरनं म्हणलं, टॅमॉक्सिफेननं होतं आसं. मंग मी म्हणलं, ती तर कॅन्सर दाबायची गोळी! छातीत दाबती अन् पिशवीत वाढवती? हे कुठलं शहाणपण?"

हा प्रश्न ऐकून मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, कारण हाच प्रश्न विचारून लोकांनी मोठमोठे शोध लावलेत. टॅमॉक्सिफेनची जन्मकथाच मुळी गमतीची. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ साली ते बनवलं तेव्हा हेतू होता गर्भ थांबवण्याचा. उंदरांत तो थांबलाही. बायकांना दिलं तर उलट बीज सुटायला मदत झाली! म्हणजे कुटुंबनियोजनाच्या कामाचं नाही. मग १९७१ साली मँचेस्टरच्या मेरी कोल यांनी स्तनाच्या कॅन्सरवर त्याचा गुण दाखवला. त्याच कुळातलं क्लोमिफीन आज मूल होण्यासाठी देतात, आणि आपली छाया मूल न होण्यासाठी. तिन्ही धरतात तो ग्राही एकच.

आणि सिस्टरबाईंच्या प्रश्नाचं उत्तर? ते २००२ साली मिळालं, बॉस्टनच्या शांग आणि ब्राउन यांच्याकडून. टॅमॉक्सिफेन धरलेला ग्राही स्तनाच्या पेशीत डीएनएवर बसतो तेव्हा त्याच्याभोवती अडवणारी प्रथिनं जमतात, कारभार बंद. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशीत तोच ग्राही, तेच औषध, पण काही जनुकांवर मदतनीस येऊन बसतात आणि काम चालू होतं. फरक कशानं? त्या अस्तराच्या पेशींत एसआरसी-१ नावाचं मदतनीस प्रथिन खूप असतं. ते कमी केलं की टॅमॉक्सिफेनचा इस्ट्रोजेनसारखा गुण तिथंही जातो. हे एसआरसी-१ ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात बर्ट ओ'मॅली यांच्या प्रयोगशाळेनं १९९५ साली हुडकलं होतं. तीन वर्षांनी त्यांनी ते प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली. फक्त हार्मोन दिल्यावर गर्भाशय, स्तन, प्रोस्टेट जेवढे वाढायला हवेत तेवढे वाढले नाहीत.

मला या सगळ्यातली खरी गोष्ट एवढीच वाटते की औषधाचा गुण औषधात शोधायला गेलं की माणूस फसतो. गोळी सगळीकडं सारखीच पोचते. ती दाबणार की वाढवणार हे पोचलेल्या जागी ठरतं. आपण मात्र "हार्मोनची गोळी", "स्टेरॉइडचं इंजेक्शन" असं एकदा म्हटलं की पुढं विचारत नाही. २०२१ च्या मे महिन्यात इकडं मराठवाड्यात म्युकर बुरशीनं लोकांचे डोळे आणि जबडे गेले तेव्हापासून तर स्टेरॉइड हा शब्दच शिवी झालाय. डेक्सामेथासोननं कोविडमध्ये ऑक्सिजनवर असलेल्या माणसांचे जीव वाचवले, हे खरं. त्याच औषधानं यकृताला साखर तयार करायला लावली आणि साखर वाढलेल्या अंगात बुरशीला रान मिळालं, हेही खरं. फुफ्फुसातल्या सूज आणणाऱ्या पेशींना ते गप्प बसवतं आणि यकृताच्या पेशींना कामाला लावतं. ज्यांना नुसतं अंग दुखतंय म्हणून ते टोचलं जातं त्यांच्याबद्दल मी काय बोलू? सिस्टरबाईंसमोर हा विषय काढत नाही, नाही तर मिरच्या राहतात.

पण त्या दिवशी त्यांनीच काढला. "डेक्साला नावं ठेवू नका मॅडम. दिवस भरायच्या आधी कळा आलेल्या बाईला मी ते इंजेक्शन देऊन गाडीत घालून पुढं धाडलंय. २०१४ ला सरकारचं पत्रकच आलं की एएनएमनं पहिला डोस द्यावा. सहा मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा. २४ ते ३४ आठवड्यांच्या आत. लेकराचं फुफ्फुस पिकतं त्यानं."

"सगळ्यांनाच द्यावं असं नाही पण."

"ते बी माहीत हाय."

ते आता सगळ्यांना माहीत आहे, कारण एक मोठी पाहणी आपल्याच माणसांवर झाली. सहा देशांत ती झाली, त्यात भारतातलं आपलं नागपूर आणि पलीकडचं बेळगाव. २०१५ साली निकाल आला. खेड्यापाड्यात, वेळेआधी होणार की नाही हे नीट न कळता सरसकट इंजेक्शनं दिली तर फायदा दिसला नाही, उलट एकूण बाळांचे मृत्यू दर हजारी साडेतीननं वाढले. पुढं २०२० साली दुसरी पाहणी आली, त्यातही बेळगाव होतं. सोनोग्राफीनं आठवडे नीट मोजून, बरी सोय असलेल्या दवाखान्यात दिलं तेव्हा लवकर जन्मलेली बाळं खरोखर जास्त जगली. औषध तेच.

"मंग सांगा, आईच्या अंगात कॉर्टिसॉल असतंयच की. ते कामून जात नाई लेकराला? डेक्साच कामून टोचायचं?"

कारण वारेत एक राखणदार प्रथिन बसलेलं आहे. ११-बीटा-एचएसडी-२ असं त्याचं लांबलचक नाव. आईचं कॉर्टिसॉल आलं की ते त्याला मोडून बिनकामाचं कॉर्टिसोन करून टाकतं, म्हणून बाळ आईच्या कॉर्टिसॉलपासून बचावतं. डेक्सामेथासोन त्याला तितकंसं मोडता येत नाही, ते पलीकडं जातं. आणि हेच प्रथिन मूत्रपिंडातही असतं. तिथली गोष्ट आणखी गमतीची. अंगात मीठ धरून ठेवायचा हुकूम देणारं हार्मोन वेगळं, अल्डोस्टेरॉन. त्याचा ग्राही मूत्रपिंडात असतो. पण तो ग्राही इतका भोळा की कॉर्टिसॉललाही तितक्याच प्रेमानं धरतो. आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट! मग मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉन ऐकू कसं यावं? तिथल्या पेशींत ते राखणदार प्रथिन आहे म्हणून. कॉर्टिसॉल आत आलं की तिथंच मोडतं. १९८८ साली मेलबर्न आणि एडिंबरा इथल्या दोन गटांनी हे दाखवलं. हे कळायला मदत झाली ती ज्येष्ठमधाची. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन पोटात गेलं की त्याच्यापासून जे बनतं ते या राखणदारालाच गप्प बसवतं. मग कॉर्टिसॉल मोकळं सुटतं, अल्डोस्टेरॉनच्या जागेवर बसतं, मीठ-पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि रक्तदाब चढतो.

सिस्टरबाईंचा हात मिरचीवर थांबला.

"ज्येष्ठमध? आपलं ते घशाचं?"

"हो की."

"अन् मामी?"

मामी म्हणजे नवरदेवाची आई, छाया चुलीत टाकणारी. लग्नाच्या याद्या करून, लोकांवर ओरडून तिचा घसा बसला होता. सकाळ-संध्याकाळ मधातून ज्येष्ठमधाची पूड, शिवाय दिवसभर तोंडात काडी. बीपी उतरत नाही म्हणून डॉक्टरनं गोळी वाढवली होती, पिंडऱ्या भरून येतात, चेहरा सुजतो, जिना चढताना पाय लटपटतात. सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं होतं की हे लग्नाचं टेन्शन. कोण्या डॉक्टरला ज्येष्ठमध सांगायचं कशाला, ते काय औषध आहे?

मिरच्यांचं सूप तसंच टाकून सिस्टरबाई पदर खोचून निघाल्या. मी कुंपणाजवळच उभी. अशा वेळी जाण्यात अर्थ नसतो, सगळं इथपर्यंत ऐकू येतं.

"मामी, तोंडातलं ते काढा आधी!"

"कामून? काय झालं?"

"तुमचं बीपी ह्याच्यानंच वाढलंय. पंधरा दिवस ज्येष्ठमध बंद. उद्या दवाखान्यात जाऊ, बीपी मोजू अन् रक्तातलं पोटॅशियम बी तपासू. डॉक्टरला सांगायचं काय खात होतो ते. गोळी तुमची तुम्ही कमी करायची नाई, त्यांनी सांगितल्याशिवाय."

"आवो, झाडाची मुळी हाय ती! तिनं कुणाचं वाईट होतंय का? सुनेच्या गोळ्या बंद करा त्या, हार्मोनच्या!"

"त्यात हार्मोन नाई, किती येळा सांगू! हार्मोनचा खेळ तुमच्या ह्या मुळीत हाय."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग मामींचा घोगरा सूर, पण आता जरा नरमलेला.

"मंग घशाला काय घेऊ?"

"काही घेऊ नका. चार दिवस बोलू नका."

"बोलू नको? लगीनघर हाय हे, सिस्टर! अन् बोधनची ती मावशी परवा येलालीय पोराचं डोकं बघायला!"